गळक्या पायांची गाडी

काकाजी मोटारसायकल दुरुस्त करायला बसायचे ते इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, खिशाला पेन लावून. सकाळी दहाला अंगणात, दीडला जेवण, पाचला हात धुऊन घरात. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती, पण ऑफिसची वेळ त्यांनी सोडली नव्हती. फक्त ऑफिस अंगणात आणलं होतं. एखाद्या दिवशी कंटाळा आला की ते स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन काकूंना सांगायचे, "आज रजा."

"अर्ज द्या," काकू पोळी लाटता लाटता म्हणायच्या. "विनापगारी मिळंल."

जबलपूरच्या गोरखपूर भागातल्या त्यांच्या घरी वरच्या खोलीत मी दोन वर्षं राहिले. माझे बाबा जवळच्याच पाटन गावच्या मंडीत धान्य तोलतात. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे सेमिस्टर म्हणजे काय हे मला विचारायला घरी कोणी नव्हतं, आणि बाहेर विचारायची लाज वाटायची. मुलीला जबलपूरला एकटी ठेवायला बाबा तयार नव्हते. मग कोणीतरी या घराचं सांगितलं. विदर्भाकडची, आपल्यातली माणसं आहेत, म्हातारा-म्हातारी दोघंच असतात. बाबा मला घेऊन आले तेव्हा काकाजींनी भाड्याचं काही विचारलं नाही. विचारलं ते वेगळंच.

"मराठी येते का पोरीला?"

"समजते सगळी," बाबा म्हणाले.

"समजते तर या गल्लीतल्या कुत्र्यालाही. मी हाड म्हटलं की जाते. बोलता येते का?"

मी घाबरून म्हणाले, "थोडी थोडी बोलती हूँ."

काकू पदर तोंडाला लावून हसल्या. काकाजी हसले नाहीत. "अर्धी आली," ते म्हणाले. "बाकीची वर राहून येईल."

अशी मला ती खोली मिळाली. हे मी मराठीत लिहून राहिले, तेही त्यांच्यामुळेच. चुकत असेल कुठं कुठं.

त्यांची मोटारसायकल जुनी होती, जड होती, आणि तिच्या पुढच्या दांड्यांतून तेल गळायचं. मेकॅनिक लोक त्या दांड्यांना फोर्क म्हणतात. काकाजी म्हणायचे, पाय. त्यांनी मला एकदा समजावून सांगितलं होतं. प्रत्येक पायात एक चकचकीत पाइप असतो, तो खालच्या जाड नळीत वर-खाली होतो, आत स्प्रिंग आणि तेल असतं. रस्त्यातला खड्डा तेच पाय गिळून घेतात. आणि नळीच्या तोंडाशी रबराची एक गोल कडी बसवलेली असते. पाइप तिच्यातून सरकतो, पण तेल आतच राहायला पाहिजे. त्या कडीला काकाजी वाटी म्हणायचे. आपल्या गुडघ्याला असते तशी.

"हिची वाटी गेली आहे," ते म्हणायचे. "म्हणून गळते."

मग ते पुढचं चाक काढायचे, पाय सोडवायचे, काळं तेल डब्यात ओतायचे. त्या तेलाला सडक्या मासोळीचा वास यायचा आणि तो माझ्या खोलीपर्यंत चढायचा. सगळे भाग रॉकेलमध्ये धुऊन ते वर्तमानपत्रावर मांडायचे. वर्तमानपत्र नागपूरचं, मराठी, एक दिवस उशिरा येणारं. खरी अडचण तिथंच व्हायची, कारण मांडता मांडता त्यांचं लक्ष अक्षरांवर जायचं. हातातला नट हातात राहायचा.

"अहो, ऐकलं का? आपल्या इंदोरा मोहल्ल्यातला तो मास्तर वारला."

"कोणता?" काकू आतून.

"फोटोवर स्प्रिंग ठेवली आहे, दिसत नाही. पण नाव तेच आहे."

"मग स्प्रिंग उचला ना!"

"उचलली तर कुठं होती ते विसरीन."

असं सगळं. शेजारचे ऑटोवाले भैया येता-जाता थांबायचे. "दादा, दोनों पाइप बदल डालो, झंझट खतम." काकाजी त्यांच्याकडे असं पाहायचे की जणू कोणी आईला बदलायला सांगितलं. एकदा नेपियर टाउनमधल्या एका मेकॅनिककडे त्यांनी गाडी नेली होती म्हणे. तोही हेच म्हणाला, संध्याकाळपर्यंत नवे पाइप टाकून देतो. ते गाडी ढकलत परत घेऊन आले.

"पाय बदलून देतो म्हणते! मग जाईल कोण? कोणाच्या पायानं जाईल?"

ही गाडी कुठं जायची होती हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं. नागपूरला, त्यांच्या अक्काच्या दारात.

काकाजी शाळेत होते तेव्हा राज्यं वेगळी झाली, नागपूर एकीकडे आणि जबलपूर दुसरीकडे. त्यांचे वडील नागपूरला सरकारी नोकरीत होते, त्यांना जबलपूर मिळालं. "साहेब लोकांनी नकाशावर रेघ मारली अन् आमची ट्रंक इकडे आली," असं ते सांगायचे. अक्काचं लग्न झालं होतं, ती तिकडेच राहिली. पुढे नोकरी लागल्यावर काकाजींनी ही गाडी घेतली आणि कोणाच्या तरी लग्नात अक्काला सांगितलं. अक्का म्हणाली, "मग दारात आण. पहिला हार माझ्या हातचा. तोवर कोणाला घालू देऊ नको."

ती सहज बोलली असेल. काकाजींनी ते धरून ठेवलं. आधी बदली झाली, मग मुलाचं शिक्षण आलं, काकूंचं ऑपरेशन आलं. रेल्वेनं ते नागपूरला कितीदा तरी जाऊन आले, पण गाडी गेली नाही. दसऱ्याला आमच्या गल्लीत सायकलीपासून ठेल्यापर्यंत सगळ्यांवर झेंडूचे हार चढायचे. काकाजींची गाडी तेवढी उघडी उभी. ऑटोवाले भैया विचारायचे, "दादा, एक माला हमारी तरफ से?"

"नहीं भैया. बुक है."

मी राहायला आले त्या वर्षी या गोष्टीला घाई आली होती. अक्काला काचबिंदू होता. गेलेली नजर परत येणार नाही आणि उरलेलीही हळूहळू जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. दर रविवारी सकाळी फोन व्हायचा. काकाजींना कमी ऐकू यायचं म्हणून फोनचा आवाज मोठा असायचा, आणि मी जिन्यावर पुस्तक घेऊन बसलेली असायचे.

"जयभीम, अक्का."

"जयभीम. काहून रे, गाडी झाली का?"

"होऊन राहिली. पायातून तेल गळते अजून."

"तुझं तेल गळून राहिलं, माझा उजेड गळून राहिला. पाहा बाबा, कोणाचं आधी संपते ते."

हे ती हसत म्हणायची. काकाजी फोन ठेवून सरळ गाडीपाशी जायचे.

"रेल्वेनं जा ना," काकू म्हणायच्या. "तिला भाऊ पाहिजे की गाडी?"

"रेल्वेनं मी जाईन. गाडी कशी जाईल?"

"मालडब्यात टाका."

"हार घालायचा आहे तिला. नवरीला कोणी मालडब्यातून नेते काय?"

नवी वाटी बसवली की पहिले दोन-तीन दिवस पाय कोरडे राहायचे. त्या दिवसांत काकाजी गुणगुणत फिरायचे, काकूंना चहा करून द्यायचे. मग एका सकाळी ते पाइपवरून बोट फिरवायचे आणि बोट उजेडात धरून पाहायचे. "आली," एवढंच म्हणायचे. तेलाची इतकी बारीक रेघ असायची की मला दिसायचीही नाही. दुसऱ्या दिवशी दहाला पांढरा सदरा घालून ते परत अंगणात.

पहिल्या सेमिस्टरला मी गणितात नापास झाले. निकाल मोबाइलवर पाहिला आणि खोलीत जाऊन कपडे भरायला लागले. वाटलं, बाबांना सांगायचं की हे आपल्या घराण्याचं काम नाही. मी खाली आले नाही असं पाहून काकाजी जिना चढून आले. त्यांचे गुडघे दुखायचे, जिना ते कधी चढायचे नाहीत. दारात उभे राहून त्यांनी पेटीकडे पाहिलं.

"काय गळलं?"

"गणित."

"एकच?"

"एकच."

"मग खोल, पूस, परत बसव. त्यात रडते काहून? मी रडतो का?"

मला म्हणायचं होतं की तुमची गाडीही अजून झाली नाही. पण त्यांच्या तोंडाकडे पाहून मी कपडे परत खुंटीला लावले. पुढच्या वेळी पास झाले. फार चांगल्या मार्कांनी नाही.

आता त्या दुपारबद्दल सांगते. पाटनला माझ्या चुलत बहिणीचं लग्न होतं आणि काकूंनी माझ्यासाठी हिरव्या काचेच्या बांगड्या आणल्या होत्या. मापाला जरा लहान आल्या. आम्ही दोघी अंगणात पायरीवर बसलो. काकूंनी दुधाची रिकामी पिशवी धुऊन माझ्या हातावर चढवली, वरून खोबरेल तेलाचा हात फिरवला, आणि बांगडी पिशवीवरून हळूहळू सरकवायला लागल्या. बांगडीवाल्या बायका करतात तसं. हाडापाशी जरा अडायची, मग सर्रकन मनगटात जायची.

समोर काकाजी नवी वाटी पाइपावर चढवत होते. पाइपाच्या टोकाला नटाचे आटे होते, त्यांच्यावरून वाटी खाली न्यावी लागायची. ते दात आवळून अंगठ्यांनी दाबत होते.

काकूंचा हात थांबला. "अहो."

"थांब, बसून राहिली."

"अहो, थांबा म्हणते ना! बांगडी अशी कोरड्या हातावर चढवतात काय?"

"बांगडी नाही. वाटी आहे ही."

"गोल आहे, तंग आहे, कडक वस्तूवरून चढवायची आहे. बांगडीच झाली." त्या उठल्या आणि पाइपाच्या टोकावरून बोट फिरवलं. "पाहा, केवढी धार आहे. माझं बोट चिरलं असतं. तुमचं तर रबर."

काढलेल्या जुन्या वाट्या काकाजी एका बिस्किटाच्या डब्यात ठेवायचे, फेकायचे नाहीत. त्यांनी तो डबा आणला, चष्मा वर केला, एक एक वाटी उन्हात धरून आतल्या काठाकडे पाहिलं. मलाही दाखवली. काठावर केसाएवढी चीर होती. दुसरीतही होती. तिसरीतही. त्यांनी डबा खाली ठेवला आणि वर्तमानपत्रावरच बसले.

"म्हणजे मीच," ते म्हणाले. "बसवता बसवता मीच कापून राहिलो होतो."

काकू हसतील असं मला वाटलं होतं. दुसऱ्या कशावरही त्या हसल्या असत्या. त्यांनी माझ्या हातावरची पिशवी ओढून काढली आणि त्यांच्यासमोर धरली. "घ्या. तेल लागलेलंच आहे."

पिशवी पाइपाच्या टोकावर गुंडाळून काकाजींनी वाटी सरकवली. तीही जरा अडली, आणि मग सर्रकन खाली गेली. माझ्या एका हातात बांगड्या, दुसरा रिकामा, आणि तिघं त्या वाटीकडे पाहत होतो.

नंतर काकाजींनी गाडीची परीक्षा घेतली. गोरखपूर बाजारात जाऊन प्रत्येक स्पीडब्रेकरवर मुद्दाम आपटायचे, मधेच करकचून ब्रेक मारायचे. मागचे लोक शिव्या द्यायचे. घरी येऊन ते पांढरा रुमाल पाइपाला गुंडाळायचे आणि उलगडून पाहायचे. रुमाल पांढराच. आठवडा झाला तरी पांढरा. त्या दिवशी मी जिन्यावरून टाळ्या वाजवल्या.

पण काकाजी खूश दिसेनात. "आज रजा," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशीही रजा. खुर्चीत बसून गाडीकडे पाहत राहायचे. काकूंनी तीन-चार दिवस वाट पाहिली.

"आता काय राहिलं?"

"काही नाही."

"मग निघा."

"रस्ता लांब आहे. ट्रक किती असतात. माझे गुडघे..." स्वतःच्या गुडघ्यांबद्दल ते पहिल्यांदाच बोलले.

काकू समोर येऊन उभ्या राहिल्या. "इतकी वर्षं गाडीच्या पायांचं नाव सांगितलं. आता तुमच्या पायांचं सांगा. रविवारी मी फोन लावून देते, सांगा अक्काला तसं."

रविवारी फोन लागला. मी पुस्तक मिटून बसले होते. नेहमीचा प्रश्न आला, गाडी झाली का. काकाजींनी काकूंकडे पाहिलं, काकूंनी दुसरीकडे पाहिलं.

"झाली, अक्का."

पलीकडून अक्का म्हणाली, "मग निघ ना बे. बसला काहून?"

दसऱ्याच्या आधी ते निघाले. काकू मागे बसल्या, उशी घेऊन. एकटं जाऊ देणार नाही म्हणाल्या. रात्री वाटेत सिवनीला काकूंच्या भाचीकडे थांबायचं ठरलं होतं. काकाजींनी पांढरा सदरा घातला होता, खिशाला पेन. ऑटोवाले भैया हात जोडून म्हणाले, "दादा, अब भी ट्रेन है."

मी फाटकाशी उभी होते. विचारलं, "काकाजी, किती दिवस रजा?"

"रजा कुठली? दौरा आहे."

आणि गेले. गल्लीच्या तोंडाशी स्पीडब्रेकर होता. गाडी त्याच्यावर हळूच खाली झाली आणि हळूच वर आली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकूंचा फोन आला. पोचलो म्हणाल्या. अक्का सकाळपासून ओसरीत हार घेऊन बसली होती. गाडीचा आवाज आला तशी उठली, हात पुढे करून चालत आली, गाडीच्या दिव्यावर हात लागला तिथं हार घातला. मग मान तिरपी करून डोळ्याच्या कोपऱ्यातून बराच वेळ पाहत राहिली.

"लाल आहे ना रे?" तिनं विचारलं.

गाडी घेतली तेव्हा लाल होती. रंग गेल्यावर काकाजींनी ती काळी करून घेतली होती, त्याला कितीतरी वर्षं झाली.

"मग काय म्हणाले काकाजी?" मी विचारलं.

"म्हणाले, हो अक्का, लालच आहे," काकू म्हणाल्या.

ते आठ दिवसांसाठी गेले होते. अक्काचा मुलगा दूर नोकरीला, घरी ती एकटी. आठाचे पंधरा झाले. हिवाळ्यात तिला ताटातलंही दिसेनासं झालं. काकू एकदा रेल्वेनं येऊन भांडी-कपडे घेऊन गेल्या, जाताना माझ्या गालावरून हात फिरवला आणि घराची किल्ली काकाजींच्या पुतण्याला दिली. पुतण्याला पूर्ण घर भाड्यानं द्यायचं होतं. मी होस्टेलला आले. कोणाचंच काही चुकलं नाही. मीच त्या दिवशी टाळ्या वाजवल्या होत्या. गाडी बरी झाली की माणसं तिच्यावर बसून निघून जातात, हे तेव्हा डोक्यात आलं नव्हतं.

होस्टेलच्या खोलीत आम्ही तिघी. बाकी दोघी चांगल्या आहेत, पण दिवसभर तोंडात हिंदीच असते. कधी कधी दुपारी रॉकेलचा वास आल्यासारखं वाटतं आणि मी खिडकीतून खाली पाहते. खाली स्कूट्यांचं स्टँड आहे.

रविवारी मी फोन करते. काकाजी विचारतात, काय गळलं या आठवड्यात. मग अक्का फोन मागून घेते. तिला मी कधी भेटले नाही. या वेळी ती म्हणाली, "पोरी, तू येते म्हणत होती ना?"

"परीक्षा झाली की येते, अक्का."

"परीक्षा झाली की. मग सुट्टी लागली की. मग पाऊस थांबला की." ती हसली. "येते म्हणणाऱ्या माणसाचं मला भेव वाटते. कोणत्या दिवशी येते ते सांग."

माझ्याकडे तिकीट नव्हतं, बाबांना विचारलेलं नव्हतं, पुढल्या सोमवारी प्रॅक्टिकल होतं. मी म्हणाले, "शनिवारी."

"कोणत्या शनिवारी?"

"या."

पलीकडे अक्कानं कोणाला तरी ओरडून सांगितलं, आणि लांबून काकूंचा आवाज आला, "खरंच?"

बाबांना फोन केला. ते म्हणाले, जा. आज शुक्रवार आहे. पिशवी भरून झाली. तिथं पोचल्यावर बोलताना माझे शब्द अडतील, म्हणून हे आधीच लिहून काढलं. गोरखपूरचं अंगण तिथं नसेल, माहीत आहे मला. ते दोघंही दुसऱ्याच्या घरात कसे बसत असतील, उठत असतील, ते डोळ्यासमोर येत नाही. तरी बसच्या खिडकीशी जागा मिळाली तर बरं होईल. सिवनीचा रस्ता मला पाहायचा आहे.